‘कांई-कुई की बोली’ आणि भाषाग्रंथांचं कपाट

जयपूरहून सीकरच्या रस्त्याला लागलं की तीस-पस्तीस किलोमीटरवर चौमूं येतं. मराठी माणूस तिकडे जातो तो हिंदी मुलखात चाललो आहोत अशा समजुतीने. कानावर पडतं ते मात्र निराळं: कांई करै छै, म्हारो, थारो, काळो, पाणी. ‘छै’ गुजरातीची आठवण करून देतं, ‘कांई’ आपल्या ‘काय’च्या शेजारी बसतं, आणि ‘काळो’मधला ळ नि ‘पाणी’मधला ण तर घरचेच. शाळेत शिकलेल्या हिंदीत यातलं काहीच नव्हतं. भाषेचं थोडंफार वेड असलेल्याला मग प्रश्न पडू लागतात. ही हिंदीच का? ‘छै’ इथे कुठून आला? ळ इकडून तिकडे गेला, की तो मुळातच दोन्हीकडे होता?

अशा प्रश्नांसाठी घरात एखादं हाताशी धरण्याजोगं पुस्तक असावं असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हा आढावा. भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याला शिक्षक असतात, नेमलेली पुस्तकं असतात. हौशी वाचकाला दोन्ही नसतं, म्हणून तो बहुधा सगळ्यांत जाड आणि सगळ्यांत देखणा ग्रंथ आधी विकत घेतो. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. आधी आपल्या कानाजवळची बोली टिपणारा ग्रंथ, मग शब्दांची वंशावळ सांगणारा, आणि सगळ्या जगाच्या भाषा कवेत घेणारा ज्ञानकोश त्यानंतर. चौमूंची बोली यासाठी चांगली कसोटी आहे. ती फार प्रसिद्ध नाही, पण पुस्तकांत अगदीच न सापडणारीही नाही.

तरी सुरुवात जाड ग्रंथांनीच करतो, कारण दुकानात तेच समोर असतात. डेव्हिड क्रिस्टल यांचा ‘केंब्रिज एन्सायक्लोपीडिया ऑफ लँग्वेज’ १९८७ साली आला. पुढे १९९७ आणि २०१० मध्ये सुधारलेल्या आवृत्त्या निघाल्या. एका माणसाने लिहिल्यामुळे त्यात सूर एकच राहतो, हा त्याचा मोठा गुण. मुलं बोलायला कशी शिकतात, खुणांच्या भाषा कशा चालतात, लिप्या कशा घडल्या, मेंदूला इजा झाली की वाचा कशी जाते, हे सगळं नकाशे-चित्रांसह दोन-दोन, चार-चार पानांत येतं. चाळायला याच्याइतकं सुखाचं पुस्तक नाही. पण जगातल्या हजारो भाषांना एका खंडात बसवायचं म्हटल्यावर जयपूरच्या उत्तरेकडच्या एका कसब्याच्या वाट्याला काय येणार? हा ग्रंथ प्रश्नाचं नाव सांगतो, उत्तर सांगत नाही. नाव कळणं हीदेखील लहान गोष्ट नव्हे. ‘छै’सारख्या क्रियापदाला भाषाविज्ञानात काय म्हणतात आणि बोली नि भाषा यांच्यात रेघ ओढणं का जड जातं, हे कळल्यावर पुढचा शोध सोपा होतो. त्याच लेखकाचा पारिभाषिक शब्दांचा कोश १९८० पासून आवृत्तीमागून आवृत्ती निघत आला आहे. तो मात्र वाचायचा नाही, अडलं की उघडायचा.

जॉर्ज यूल यांचं ‘द स्टडी ऑफ लँग्वेज’ (१९८५) छोट्या प्रकरणांमुळे नवख्याला झेपतं. एडवर्ड सपीर यांचं ‘लँग्वेज’ १९२१ सालचं, म्हणजे शंभरी ओलांडलेलं, पण सुशिक्षित सामान्य वाचकासाठी त्यापेक्षा चांगलं छोटं पुस्तक मला माहीत नाही. ब्लूमफील्ड यांचं त्याच नावाचं पुस्तक (१९३३) अधिक कडक, अधिक नेमकं आणि पुष्कळ रुक्ष आहे. स्टीव्हन पिंकर यांचं ‘द लँग्वेज इन्स्टिंक्ट’ (१९९४) खूप खपलं. पण त्याचा विषय माणसाच्या मनातली भाषेची उपजत जाण. चौमूंच्या बाजारात त्याचा उपयोग नाही, आणि त्याबद्दल त्याला दोष देण्यातही अर्थ नाही.

या जागतिक ग्रंथांपैकी एकाने मात्र मला अनपेक्षित काम दिलं. लायप्झिगच्या मॅक्स प्लांक संस्थेतल्या मंडळींनी तयार केलेला ‘वर्ल्ड ॲटलास ऑफ लँग्वेज स्ट्रक्चर्स’ २००५ मध्ये छापून आला आणि नंतर इंटरनेटवर फुकट खुला झाला. त्यातला एकेक नकाशा भाषेच्या एकेका लकबीचा आहे. मराठीत आपण ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे ठेवतो: ऐकणारा धरून की ऐकणारा सोडून. हिंदीत दोन्हींना ‘हम’. जयपूरकडच्या बोलीत मात्र ‘म्हे’ आणि ‘आपाँ’ असा भेद आहे, अगदी आपल्यासारखा. हा भेद जगात कुठे कुठे आढळतो याचा स्वतंत्र नकाशा या ग्रंथात आहे, आणि तो पाहिला की आपली ही सवय भूगोलात कुठे बसते ते डोळ्यांसमोर येतं. आपली खासियत म्हणून जी गोष्ट मिरवावी ती दूर कुठेतरी कोणाच्या रोजच्या बोलण्यात असते, हे कळण्यासाठी तरी हा नकाशासंग्रह उघडावा.

आता कानाजवळचे ग्रंथ. इथे रेंगाळावं असं बरंच आहे.

चौमूंची बोली ढूंढाडी. जयपूर संस्थानाच्या मुलखाला ढूंढाड म्हणत, म्हणून हे नाव. पुस्तकांत ती ‘जयपुरी’ म्हणून भेटते, पण ते नाव युरोपीय लोकांनी राजधानीवरून पाडलं, अशी नोंद भारतीय भाषांचं सर्वेक्षण करणाऱ्या जॉर्ज ग्रियर्सन यांनी स्वतःच केली आहे. ‘झाडशाही’ आणि ‘कांई-कुई की बोली’ ही आणखी दोन नावंही त्यांनी टिपली. यातलं दुसरं हिणवण्याचं, जिथे तिथे ‘कांई’ विचारणाऱ्यांची बोली अशा अर्थाचं. शेजाऱ्यांनी एखाद्याच्या बोलीला ज्या शब्दावरून चिडवावं तोच शब्द तिची खूण ठरावा, हे आपल्याकडेही नवीन नाही.

ग्रियर्सन यांचं भारतीय भाषांचं सर्वेक्षण १८९४ च्या सुमारास सुरू झालं आणि १९२८ पर्यंत छापून पूर्ण झालं. अकरा खंड, त्यातले काही अनेक भागांचे; १७९ भाषा आणि ५४४ बोली. नवव्या खंडाचा दुसरा भाग १९०८ चा, राजस्थानी आणि गुजरातीवरचा. ‘राजस्थानी’ हे भाषेचं नाव म्हणून रूढ झालं ते याच खंडापासून. ग्रियर्सन यांनी राजस्थानीचे पाच गट केले. जयपुरी आणि हाडौती यांना मध्य-पूर्व गटात एकत्र ठेवलं. उत्तरेकडच्या तोरावाटीसारखे पोटभेदही वेगळे दाखवले. प्रत्येक बोलीसाठी तीच पद्धत: थोडक्यात व्याकरण, बायबलमधल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीचं त्या बोलीत रूपांतर, एखादी लोककथा किंवा दुसरा उतारा, आणि शब्द-वाक्यांची ठरावीक यादी. गोष्ट एकच असल्यामुळे ‘बाप’, ‘भाऊ’, ‘आहे’, ‘होता’ हे शब्द बोलीबोलीत कसे बदलत जातात ते ओळीने ताडून पाहता येतं. चौमूंचा ‘छै’ मारवाडीच्या मुलखात ‘है’ कसा होतो आणि भूतकाळातला ‘छो’ ‘हो’ कसा होतो, हे कुणी समजावून न सांगता दिसतं. हौशी वाचकासाठी याहून चांगली शाळा नाही, असं मी म्हणेन.

जयपूरच्या बाबतीत ग्रियर्सन यांचं नशीब जोरावर होतं. जयपूर दरबाराच्या सांगण्यावरून तिथले मिशनरी रेव्हरंड जॉर्ज मॅकॲलिस्टर यांनी संस्थानातल्या बोलींची वेगळी पाहणी आधीच केली होती. ‘स्पेसिमेन्स ऑफ द डायलेक्ट्स स्पोकन इन द स्टेट ऑफ जयपूर’ हे त्यांचं पुस्तक १८९८ मध्ये अलाहाबादेत छापलं गेलं. नमुने, शब्दसंग्रह, व्याकरण, तिन्ही त्यात आहेत. एका संस्थानापुरतं एवढं बारकाईचं काम त्या काळात क्वचितच झालं. एका गोष्टीचा मात्र मराठी वाचकाला मत्सर वाटेल. आपल्या बाजूला निजामाचं हैदराबाद संस्थान सर्वेक्षणाच्या कक्षेबाहेर राहिलं. त्यामुळे स्टेन कोनो यांनी तयार केलेल्या मराठीच्या सातव्या खंडात (१९०५) मराठवाड्याची बोली शोधणाऱ्याच्या हाती फारसं लागत नाही. त्याच खंडात कोकणी मराठीची बोली म्हणून बसवली आहे. साहित्य अकादमीने १९७५ साली कोकणीला स्वतंत्र भाषा मानलं आणि १९९२ मध्ये ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. जुना ग्रंथ वाचताना सामग्री घ्यावी, वर्गीकरणाचे शिक्के तारीख पाहूनच घ्यावेत. राजस्थानीची गोष्ट तर उलटी आहे. ग्रियर्सन यांनी तिला १९०८ मध्येच वेगळी भाषा म्हटलं, साहित्य अकादमीनेही तिला जागा दिली, राजस्थान विधानसभेने २००३ मध्ये ठराव केला. तरी आठव्या अनुसूचीत ती अजून नाही.

ग्रियर्सन यांच्या कामाचे दोषही सांगायला हवेत. बरंचसं संपादन इंग्लंडमध्ये बसून झालं, नमुने जिल्ह्याजिल्ह्यांतल्या सरकारी यंत्रणेकडून आले, आणि उच्चारांचं लेखन आजच्या ध्वनिशास्त्राच्या मापाने ढोबळ आहे. ढूंढाडीच्या जवळच्या हाडौतीवर नेमकं ध्वनिशास्त्रीय काम पुढे केंब्रिजच्या सिडनी ॲलन यांनी केलं. हाडौती नामांतल्या महाप्राणावरचा त्यांचा निबंध १९५७ चा. तेच ॲलन ‘फोनेटिक्स इन एन्शंट इंडिया’ (१९५३) या छोट्या पुस्तकाचे लेखक. वेदांच्या उच्चारांचे नियम सांगणाऱ्या प्रातिशाख्यकारांनी जिभेच्या आणि ओठांच्या हालचालींचं किती अचूक वर्णन केलं होतं, ते या पुस्तकात पुराव्यानिशी दाखवलं आहे. आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं म्हणणाऱ्यांनी आणि काहीच ठाऊक नव्हतं म्हणणाऱ्यांनी, दोघांनीही ते वाचावं.

मग ‘छै’ आला कुठून? इथे राल्फ टर्नर यांचा भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश उघडावा लागतो. १९६६ मध्ये पुरा झालेला हा कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतो, आणि हौशी वाचकाने फक्त एकच ग्रंथ वापरायला शिकायचं ठरवलं तर तो हा असावा. नोंदी संस्कृत रूपांखाली लावलेल्या आहेत, पण आजच्या रूपावरूनही शोधता येतं. ‘छै’चे भाऊबंद एकत्र भेटतात: गुजराती ‘छे’, नेपाळी ‘छ’, बंगाली ‘आछे’, मैथिली ‘अछि’, आणि या सगळ्यांमागे पाली ‘अच्छति’. त्याच्यामागे वैदिक ‘आक्षेति’, म्हणजे राहतो, वसतो, असं टर्नर यांचं मत. त्यावर त्यांनी १९३६ मध्ये स्वतंत्र लेखही लिहिला. सगळ्यांना ते पटलेलं नाही, ‘अस्’ धातूकडे बोट दाखवणारेही आहेत. पण वाद कुठे आहे हे कळणं हाही लाभच. नकाशावर पाहिलं तर हिंदी मधल्या पट्ट्यात ‘है’ घेऊन बसली आहे आणि तिच्या भोवती, जयपूरपासून नेपाळ आणि बंगालपर्यंत, ‘छ’ची माणसं. चौमूंचं ‘छै’ गुजरातेतून उसनं आणलेलं नाही. दोघांकडे ते वारशाने आलं.

ळ आणि ण यांचंही तसंच. पंजाबी, राजस्थानी, गुजराती, मराठी, ओडिया अशा मोठ्या पट्ट्यात ळ आहे. प्रमाण हिंदी आणि बंगाली त्याच्या बाहेर. ही मांडणी कॉलिन मासिका यांच्या ‘द इंडो-आर्यन लँग्वेजेस’ (१९९१) मध्ये नीट मिळते. पुस्तक कठीण आहे. पण त्याच्या शेवटची भाषा-बोलींची यादी आणि वर्गीकरणाच्या निरनिराळ्या मतांचं परिशिष्ट कोणालाही वाचता येतं. ढूंढाडी तिथे सापडते. जगाच्या ज्ञानकोशात न मिळणारं उत्तर एका भाषाकुळाच्या ग्रंथात मिळतं, हा अनुभव पुन्हा पुन्हा येतो. द्राविडी बाजूसाठी बरो आणि एमेनो यांचा व्युत्पत्तिकोश (१९६१, सुधारित १९८४) आहे. मराठीतला एखादा हट्टी ‘देशी’ शब्द तिथे कधी कधी पटकन जाळ्यात येतो.

हे सगळं हाताशी असताना आपल्याकडे व्युत्पत्तीच्या नावाखाली जे खपतं ते पाहून कसंनुसं होतं. व्हॅटिकन म्हणजे वाटिका, असं पु. ना. ओक सांगत आणि लोक माना डोलावत. दोन शब्दांचा आवाज जुळला की नातं सिद्ध झालं असं समजायचं, ध्वनिबदलाच्या नियमांकडे ढुंकूनही पाहायचं नाही, ही खोड मोडायला टर्नर यांच्या कोशाची दहा पानं पुरेशी आहेत.

आकड्यांचा प्रश्न वेगळा. २०११ च्या जनगणनेत ढूंढाडी ही मातृभाषा सांगणारे पंधरा लाखांच्या आतबाहेर, आणि त्यांची गणती हिंदीच्या खात्यात. एकट्या जयपूर जिल्ह्याची लोकसंख्या तेव्हा ६६ लाखांवर होती. बाकीचे काय बोलतात? कोणी ‘हिंदी’ सांगितलं, कोणी ‘राजस्थानी’, आणि ‘राजस्थानी’ हेही पुन्हा हिंदीच्याच खाली मोजलं गेलं. म्हणजे जनगणनेचा तक्ता हा लोक काय बोलतात याचा नव्हे, लोक आपल्या बोलण्याला काय म्हणतात याचा दस्तऐवज आहे. गणेश देवी यांच्या पुढाकाराने २०१० पासून झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाने हीच कोंडी फोडायचा प्रयत्न केला आणि ७८० भाषांची मोजदाद मांडली. अरुण जाखडे यांनी संपादित केलेला महाराष्ट्राचा खंड मराठीत २०१३ मध्ये आला. त्यातले लेख सारख्या तोलाचे नाहीत. काही भाषावैज्ञानिकांचे, काही त्या त्या समाजातल्या माणसांनी जिव्हाळ्याने लिहिलेले. संदर्भग्रंथ म्हणून हा दोष, पण गाणी, नात्यांचे शब्द, रंगांचे शब्द यांचा साठा तिथे मिळतो तो ग्रियर्सन यांच्याकडे नाही.

राजस्थानी शब्द शोधायचा तर सीताराम लाळस यांचा ‘राजस्थानी सबद कोस’. पहिला खंड १९६२ चा. पुढे अनेक जिल्दांत तो पुरा झाला. त्याचा कल मारवाडी आणि डिंगल या काव्यभाषेतल्या साहित्याकडे आहे, म्हणून चौमूंचा प्रत्येक शब्द तिथे मिळेल अशी आशा धरू नये. सुनीतिकुमार चटर्जी यांची उदयपूरची व्याख्यानं ‘राजस्थानी भाषा’ (१९४९) या नावाने हिंदीत आहेत. एवढ्या मोठ्या विद्वानाने इतक्या सोप्या भाषेत लिहिलेलं दुसरं काही या विषयावर नाही. हिंदीतच भोलानाथ तिवारी यांचं ‘भाषाविज्ञान’ पिढ्यान्‌पिढ्या परीक्षार्थींच्या हातात आहे. पुस्तक उपयुक्त, पण उत्तरपत्रिकेच्या मापाने कापलेलं.

आणि मराठी? इथे कपाट रिकामं नाही, पण विस्कळीत आहे. मोल्सवर्थ यांचा कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ (१९३२ ते १९३८) शब्दांसाठी, मोरो केशव दामले यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) व्याकरणासाठी, कृ. पां. कुलकर्णी यांचं ‘मराठी भाषा : उद्गम व विकास’ (१९३३) इतिहासासाठी. झ्यूल ब्लॉक यांचा मराठीच्या घडणीवरचा फ्रेंच ग्रंथ १९२० चा; वा. गो. परांजपे यांनी तो १९४१ मध्ये मराठीत आणला. एका आधुनिक भारतीय भाषेचा शास्त्रशुद्ध इतिहास कसा लिहावा याचा वस्तुपाठ मराठीच्या निमित्ताने तयार झाला, ही गोष्ट मराठी वाचकांतच सगळ्यांत कमी ठाऊक आहे. अ. मा. घाटगे यांनी १९६० च्या दशकात कुडाळी, महाडची कुणबी, ठाण्याची वारली अशा बोलींवर एकेक पुस्तक केलं. ती इंग्रजीत आहेत आणि ग्रंथालयांत धूळ खात पडली आहेत. डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर अलीकडे केलेलं बोलींचं सर्वेक्षण मात्र इंटरनेटवर आहे. तिथे बोली वाचण्याबरोबर ऐकताही येते, आणि हौशी माणसाने आपल्या गावापासून सुरुवात करावी ती तिथेच.

भाषाविज्ञानाची सर्वसाधारण ओळख म्हणून मिलिंद मालशे यांचं ‘आधुनिक भाषाविज्ञान : सिद्धांत आणि उपयोजन’ (१९९५) सर्वांत मुद्देसूद. कल्याण काळे आणि अंजली सोमण यांची पुस्तकं वर्गात शिकवण्याच्या अंगाने चांगली. अशोक केळकर यांची ‘वैखरी’ (१९८३) आणि ‘मध्यमा’ (१९९६) विचारांनी सगळ्यांच्या पुढे, पण वाक्यावाक्याला थांबायला लावणारी. पहिलं पुस्तक म्हणून ती कोणाच्या हातात देऊ नयेत. परिभाषेचा घोळ वेगळाच. एकाचा ‘रूपिम’ तो दुसऱ्याचा ‘पदिम’, आणि दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचणाऱ्याला वाटतं की विषयच दोन आहेत.

वाचनीयतेत ना. गो. कालेलकरांच्या जवळ कोणी येत नाही. ‘ध्वनिविचार’ (१९५५), ‘भाषा आणि संस्कृती’ (१९६२), आणि ज्याला १९६७ चं साहित्य अकादमी पारितोषिक मिळालं ते ‘भाषा : इतिहास आणि भूगोल’. पॅरिसला शिकलेल्या या माणसाने मराठीत असं लिहिलं की शास्त्र कुठे पातळ होत नाही आणि वाक्य कुठे अडखळत नाही. त्यांचं आणखी एक काम फार थोड्यांच्या लक्षात येतं. वाईच्या मराठी विश्वकोशात भाषाकुटुंबं, एकेकट्या भाषा आणि भाषाशास्त्रातल्या संकल्पना यांवर त्यांनी लिहिलेल्या नोंदी विखुरलेल्या आहेत. विश्वकोश आता इंटरनेटवर फुकट वाचता येतो. पण नोंदी अकारविल्हे लावलेल्या, म्हणून राजस्थानीची नोंद एका खंडात, गुजरातीची दुसऱ्या, ध्वनींची तिसऱ्या. क्रिस्टल यांच्या ज्ञानकोशाच्या तोडीचं नसलं तरी त्याच जातीचं एक मराठी पुस्तक तिथे तुकड्यातुकड्यांनी पडून आहे. त्या नोंदी एका जिल्दीत बांधायच्या, मागे एकेका शब्दाची सूची आणि परिभाषेचा ताळमेळ लावणारा तक्ता जोडायचा, आणि जिथे जिथे माहिती शिळी झाली आहे तिथे तळटीप द्यायची, एवढं काम कोणीतरी करायला हवं.

तळटिपा लागतीलच. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडचं उदाहरण घ्या. कानडी, मराठी, उर्दू अशा भाषा एकाच गावात शतकानुशतकं बोलल्या गेल्याने त्यांची वाक्यरचना जवळजवळ एकसारखी झाली, असा गम्पर्झ आणि विल्सन यांचा १९७१ चा निष्कर्ष जगभरच्या पाठ्यपुस्तकांत ठाण मांडून आहे. डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी त्या गावाचा पुन्हा अभ्यास केला आणि २०१६ मध्ये या जुन्या निष्कर्षाची चिकित्सा प्रसिद्ध केली. सर्वसाधारण ग्रंथांत अजून बहुतेक ठिकाणी १९७१ चंच कुपवाड वाचायला मिळतं.